पाण्याने दिलेली चार उत्तरे

दोर धरणे हे काम लांबून पाहणाऱ्याला काम वाटत नाही. गोदीच्या धक्क्यावर एक बाई उभी आहे, तिच्या मुठीतून एक दोर पाण्यात गेला आहे आणि ती काहीही करत नाही, एवढेच त्याला दिसते. ती बसत नाही, कोणाशी बोलत नाही, ऊन डोळ्यांवर आले तरी हात कपाळापर्यंत नेत नाही. गोदीत नव्याने बदलून आलेल्या एका कारकुनाने एकदा तिच्याकडे बोट दाखवून मुकादमाला विचारले होते, "या बाईंना शिक्षा झालीय का हो?" मुकादम म्हणाला, "झालीय की. जन्मठेप."

ही बाई म्हणजे ताई. तिचा धाकटा भाऊ इथे पाणबुड्या होता आणि तो तिला ताई म्हणे, म्हणून मुकादमापासून हवेच्या पंपावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळी गोदी तिला ताईच म्हणू लागली. वय बावन्न; त्यातली एकोणतीस वर्षे दोरावर. तिचे वडील याच धक्क्यावर दोर धरत. त्यांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी दोर मुलीच्या हाती दिला, कारण मुलाला खाली उतरायचे होते आणि मुलगी एका जागी तासन्‌तास उभी राहू शकते हे त्यांनी पाहून ठेवले होते. पहिल्या दिवशी त्यांनी तिला सांगितले, "दोर धरणाऱ्याला दुसरं काही आलं नाही तरी चालेल. तिथं असणं आलं पाहिजे."

या असण्याचे नियम होते. गोदीचे पाणी इतके गढूळ की खाली उतरलेल्या माणसाला स्वतःचा पंजा दिसत नाही, आणि वरच्यांना तो माणूस दिसत नाही. त्याच्या शिरस्त्राणात फोन असतो. पण तो तीन महिने बंद होता आणि भांडाराकडे गेलेल्या तिन्ही पत्रांना 'मागणी नोंदवली आहे' एवढेच उत्तर आले होते. उरला दोर. वरून एक हिसका म्हणजे 'ठीक आहेस का?', खालून एक म्हणजे 'ठीक आहे'. तीन म्हणजे वर ये, किंवा येतो. चार म्हणजे संकट, असेल तसा ओढून घ्या. दर पाच मिनिटांनी विचारायचे. दोर खुंट्याला बांधायचा नाही. दुसऱ्याच्या हाती देताना त्याने 'घेतला' असे मोठ्याने म्हटल्याखेरीज आपली मूठ उघडायची नाही. एकदा ताईच्या मानेवर गांधीलमाशी बसली, चावली आणि सावकाश उडून गेली. ताई हलली नाही. त्या संध्याकाळी सुजलेली मान पाहून धाकटा म्हणाला होता, "ताई, त्या माशीलाही वाटलं असेल, खांबच आहे."

दोघांच्या आईने त्यांच्याकडून लहानपणीच ग्रंथातले एक वचन पाठ करून घेतले होते. त्याचा आशय असा, की खोल पाण्यात उतरणारा एकटा उतरत नाही. ज्याने पाणी केले तो त्याच्या शेजारी असतो आणि त्याला टाकून जात नाही. पाणबुड्याच्या घरात हे वचन घोकले जाणे स्वाभाविकच होते. धाकट्याची श्रद्धा बेताची. तो शिरस्त्राण चढवताना म्हणे, "खाली तो, वर तू. दोघांनी मिळून मला म्हातारा करा म्हणजे झालं." ताईची श्रद्धा मात्र पक्की होती, आणि ती तिच्या कामासारखीच होती. तिने ते वचन कधी काव्य म्हणून ऐकले नाही. तिच्या लेखी ती कामाची वाटणी होती: दोराचे वरचे टोक माझ्याकडे, खालचे त्याच्याकडे. आपण आपल्या टोकाला जी शिस्त पाळतो ती तो त्याच्या टोकाला पाळत असणार, याविषयी तिच्या मनात एकोणतीस वर्षांत कधी शंका आली नाही.

गोदीच्या मोठ्या दरवाजाखाली गाळात अडकलेले ओंडके काढायला धाकटा सकाळी दहा वाजता उतरला. दहा वाजून पाच मिनिटांनी आणि मग दहा मिनिटांनी ताईने विचारले, उत्तर आले. सव्वादहाला विचारले, आले. दहा वीस, दहा पंचवीस, साडेदहा. दर वेळी एक हिसका, दर वेळी मूठभर जीव असलेला. अर्धा तास भरला म्हणून तिने त्याला वर बोलावले: तीन हिसके दिले. खालून एक आला. तिने पुन्हा तीन दिले. पुन्हा एकच.

तिच्या ओरडण्याने पंपावरचा म्हातारा धावत आला. दुसऱ्या पाणबुड्याला पोशाख चढवून खाली उतरवायला अकरा मिनिटे लागली. त्याला जे सापडले ते पुढे चौकशीच्या कागदांत सविस्तर आले. एक ओंडका सरकून हवेच्या नळीवर बसला होता. नळी फाटली नव्हती, फक्त दबली होती, त्यामुळे वर पंपाचा काटा जागच्या जागी राहिला. बुडबुडे दरवाजाच्या पलीकडच्या अंगाला फुटत, ते धक्क्यावरून दिसत नसत. आणि दोर एका जुन्या, जाड, लोंबत्या साखळीखाली गुंतला होता. गोदीबाहेरून बोटी जात, पाणी वरखाली होई, साखळी वरखाली होई. वरून दोर ओढला की साखळी थोडी उचलली जाई आणि परत खाली बसताना दोराला ओढून घेई. एक हिसका. डॉक्टरांच्या मते धाकटा सव्वादहापूर्वीच गेला होता. त्यानंतरची चारही उत्तरे साखळीची होती.

गोदीत या गोष्टीला नाव आहे: पाण्याचा जबाब. ती ओळखण्याची रीतही आहे, आणि ती ताईनेच कित्येकांना शिकवली होती. साधा एक हिसका देऊन विचारायचे नाही; दोन द्यायचे, थांबायचे, मग एक द्यायचा. खालचा माणूस तसेच परत देतो. पाण्याला मोजता येत नाही. ताई सगळ्यांना असे विचारी, फक्त धाकट्याला विचारीत नसे. तो चिडे. "ताई, गणित घ्यायचं असेल तर पाटी घेऊन उतरतो ना मी." काही वर्षांनी तिने ते सोडून दिले. धाकट्याचा हात आपण दोरातून ओळखतो, असे तिला वाटे. भावाचा हात बहिणीने ओळखू नये तर कोणी ओळखावा, असेही वाटे.

चौकशीत तिने हे सगळे स्वतः सांगितले. काही लपवले नाही. चौकशी अधिकारी भला माणूस होता; तो म्हणाला, "बाई, फोन चालू असता तर ही वेळ आली नसती." कागदावर त्याने 'दोरसंकेतांची पर्यायी व्यवस्था कार्यरत होती' असे लिहिले. ताईने सही केली. कार्यरत होती, हे खरेच होते.

आईला तिने फक्त एक गोष्ट सांगितली नाही. नळी दबल्यावर धाकट्याने खालून हिसके दिले असणार. चार, आणि मग परत चार, जमतील तितक्या वेळा. ते साखळीपाशीच संपले.

यानंतर जे घडले त्याने ताईचे दुःख रागात बदलले, आणि हा राग तिच्या चरित्राचा उरलेला भाग आहे.

प्रार्थनागृहात दर आठवड्याला ग्रंथ वाचणारे एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना वाचककाका म्हणत. ताईने आणि धाकट्याने वचन पाठ म्हणून दाखवले होते ते त्यांच्याच पुढे. ते सांत्वनाला घरी आले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सहा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडली होती, पाण्याखेरीज पोटात काही नव्हते. वाचककाकांनी हलक्या आवाजात सगळे विचारून घेतले. ताईने वेळांसकट सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "सव्वादहाच्या आधीच तो गेला होता म्हणतेस?"

"हो."

"आणि नंतर चार वेळा उत्तर आलं?"

"काका, ती साखळी होती."

"साखळी हे निमित्त झालं गं," ते म्हणाले. "उत्तर कोणाचं होतं?"

भिंतीकडे तोंड केलेली आई या कुशीवर वळली.

त्या संध्याकाळी तिने वाटीभर पेज घेतली. सून नाही, नातवंडे नाहीत; उरलेल्या एका मुलीने वाटी पुढे केली आणि आईने ती संपवली. ताई गप्प बसली. हे गप्प बसणे तिला पुढे फार महाग पडले, पण त्या क्षणी तिच्यासमोर वाटी होती, आणि वाटी रिकामी झाली होती.

पुढच्या आठवड्यात वाचककाकांनी प्रार्थनागृहात ही कथा सांगितली. माणूस गेल्यावरही त्याच्या वतीने उत्तर देणारा कोणी खाली होता, बहिणीला त्याने चार वेळा कळवले की मी इथे आहे. बायका रडल्या. कोणी ताईचे हात हातात घेतले, कोणी ते कपाळाला लावले. तो दोर प्रार्थनागृहात, वाचनाच्या चौरंगामागे टांगावा आणि खाली पितळी पाटीवर ते वचन कोरावे, असे ठरले. दोर चौकशीनंतर ताईच्या ताब्यात आला होता. तो देण्यासाठी तिला दहा दिवसांनंतरची सकाळ नेमून दिली गेली. आई म्हणाली, "तू स्वतःच्या हातानं दे."

या दहा दिवसांतल्या चौथ्या दिवशी ताई कामावर परतली. धक्क्यावर नवा दोरवाला उभा होता, गोदामातून बदलून आलेला, चाळिशी ओलांडलेला, पोटाने सुखी माणूस. खाली दुसरा पाणबुड्या. ताईने पाहिले, तो एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने पान चघळायला काढत होता. त्याने एक हिसका दिला. खालून एक आला.

"दोन आणि एक देऊन विचारा," ताई म्हणाली.

"कशाला? उत्तर येतंय की."

"कोणाचं?"

तो मोकळेपणी हसला. "ताई, तुम्हीच असं विचारता? कोणाचं का असेना. आपला माणूस नसला तर तो वरचा आहेच की खाली!"

त्याने ही थट्टा केली होती, दुष्टपणाने नव्हे. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला, 'घेतला' असे इतक्या मोठ्याने म्हटले की पंपावरचा म्हातारा उठून उभा राहिला, आणि दोन, थांबून एक, असे दिले. खालून दोन, थांबून एक आले. तिने दोर मुकादमाच्या हाती दिला आणि कामाचा बिल्ला छातीवर तसाच ठेवून थेट प्रार्थनागृह गाठले.

वाचककाका खुर्च्या पुसत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि फडके खाली ठेवले.

"दोर मिळणार नाही," ती म्हणाली.

"बस आधी."

"बसत नाही मी. सवय नाही. काका, माझ्या चुकीचा तुम्ही चमत्कार केलात. आज त्या धक्क्यावर एक माणूस तुमच्या चमत्काराच्या भरवशावर दोर धरून पान खातोय. उद्या कोणाचा तरी मुलगा तुमच्या पितळी पाटीपायी मरेल."

"तुझी चूक कोणी म्हटलं? तू तर होतीस तिथं."

"होते ना! तेच म्हणतेय मी. मी वर होते. मला दिसत नव्हतं, मला साखळीनं फसवलं. त्याला कोणती साखळी फसवणार? त्याला गढूळ पाण्यातलं दिसत नाही का? वर राहीन असा शब्द त्यानं दिलेला नाही. खाली, शेजारी, अंगाला अंग लागून राहीन असा दिलाय. तुमच्याच पुढे आम्ही तो पाठ म्हटलाय. मग एक ओंडका! काका, एक ओंडका हातभर सरकवायचा होता."

वाचककाका म्हणाले, "त्याच्या असण्याचा अर्थ आपल्याला लावता येत नाही, ताई."

हे वाक्य त्यांनी अनेक घरांत, अनेक उशांशी म्हटले असेल, आणि बहुतेक ठिकाणी ऐकणाऱ्याने मान खाली घातली असेल. ताईने घातली नाही.

"मला येतो," ती म्हणाली. "असणं म्हणजे काय, ते मला विचारा. एकोणतीस वर्षं दुसरं काही केलेलं नाही मी. अंगात ताप असताना होते, बाबांना पोचवून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी होते. असणं म्हणजे वेळेला हात असणं. बाकी सगळ्याला आम्ही गैरहजेरी म्हणतो. दोर टाकून गेलेल्या माणसाला गोदी दुसऱ्या दिवशी फाटकातून आत घेत नाही. आणि तुम्ही? तुम्ही त्याला दर आठवड्याला आरास करता!"

"तू त्याला मानत नाहीस आता?"

"मानत नसते तर भांडले कशाला असते? जो नाहीच त्याच्यावर कोण चिडतं? त्यानं शब्द दिला होता, काका. मी मागितलाही नव्हता."

वाचककाकांचा चेहरा पडला. ते ढोंगी नव्हते. त्यांनी स्वतःच्या बायकोला याच वचनाच्या आधारावर निरोप दिला होता, आणि ताईला हे माहीत होते. म्हणूनच ती जे पुढे बोलणार होती ते बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "नेमलेल्या दिवशी दोर घ्यायला धक्क्यावर या. तिथं देईन."

आईला तिने घरी येऊन सांगितले, की ती उत्तरे साखळीची होती आणि मी तुला ते दाखवणार आहे. आईने तिला त्या दिवशी हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूवरून टोचले. भांडे आपटले म्हणून, दार नीट लावले नाही म्हणून. शेवटी म्हणाली, "तुला माझं एवढंसं सुख बघवत नाही."

"नाही बघवत," ताई म्हणाली.

"मग चल. दाखव. आणि नाही दाखवता आलं तर याद राख."

नेमलेल्या सकाळी धक्क्यावर दहा-बारा माणसे जमली. वाचककाका पांढऱ्या कपड्यांत आले होते, दोर ठेवायला एक स्वच्छ चादर घेऊन. आईला मुकादमाने कचेरीतली खुर्ची आणून दिली. तिने ती नाकारली. दुसऱ्या पाणबुड्याने पहाटे उतरून तोच दोर त्याच साखळीखालून नेऊन त्याचे टोक तळाच्या दगडाला बांधून ठेवले होते. आता तो साध्या कपड्यांत, केस विंचरून, आईच्या शेजारी उभा होता.

"खाली कोण आहे?" ताईने त्याला सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले.

"कोणी नाही. आजी, मी इथे आहे बघा, आणि मीच शेवटचा वर आलोय."

ताईने दोर आईच्या हाती दिला. आई 'घेतला' म्हणाली नाही. तिला तो नियम ठाऊक नव्हता. ताईने मूठ उघडली नाही. दोघींचे हात दोरावर तसेच राहिले.

"म्हण, घेतला."

"घेतला."

"एक हिसका दे. जोरात नाही. हाक मारल्यासारखा."

आईने दिला. क्षणभर काही झाले नाही. मग दोर आतून ओढला गेला, एकदाच, मऊपणे, एखाद्याने बोट धरून ओढावे तसा. आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून मुकादमाने तोंड फिरवले. वाचककाकांचे ओठ हलू लागले. आईच्या चेहऱ्यावर त्या घडीला जे होते ते पाहून ताईला वाटले, इथेच थांबावे. कोणाचे काय बिघडते?

"आता तीन दे," ती म्हणाली. "तीन म्हणजे वर ये. त्याला वर बोलाव, आई."

आईने तीन दिले. एक आला. तिने पुन्हा तीन दिले, सावकाश, मधे थांबत, लहान मुलाला शिकवतात तसे. एक आला. मग तिने मोजणे सोडले आणि दोर नुसता ओढत राहिली, पाच वेळा, सहा वेळा, आणि बाहेरून एक मालवाहू बोट गेली तशी न विचारताच खालून दोन उत्तरे आली.

आईने हात थांबवले. 

"त्यानं हाक मारली असेल का?" तिने विचारले.

ताईला या प्रश्नाची भीती होती. "मारली असेल. चार हिसके म्हणजे ओढून घ्या. दिले असतील त्यानं. पुन्हापुन्हा दिले असतील. माझ्यापर्यंत आले नाहीत."

"तू होतीस ना इथं?"

"इथंच होते. ह्याच जागी. हललेही नाही मी, आई. पण पुरी पडले नाही. जो पुरा पडला असता तो आलाच नाही."

आईने तिच्या थोबाडीत मारली. साठ-सत्तर वर्षे चूल सांभाळलेला, बादल्या उचललेला हात होता; ताईची मान वळली. कोणीतरी पुढे झाले. आईने त्याला हातानेच अडवले आणि त्याच हाताने ताईचा दंड घट्ट धरला, आधारासाठी की मारण्यासाठी हे त्या दोघींनाही सांगता आले नसते. दोर अजून दुसऱ्या मुठीत होता.

वाचककाका जवळ आले. त्यांच्या हातातली चादर वाऱ्याने उलगडत होती. त्यांनी आवाज खाली आणून वचनाचे पहिले शब्द म्हणायला सुरुवात केली. ते शब्द आईने त्यांच्याइतक्याच वेळा म्हटले होते; त्यामुळे ती ते पुरे होण्याची वाट पाहील असे सगळ्यांना वाटले.

"काका," आई मधेच म्हणाली, "ते तुमच्याकडेच ठेवा. पाळलं गेलं की निरोप धाडा."

मग ती ताईकडे वळली. "हे खाली कशाला अडकलंय ते आधी काढायला सांग. साखळी. आज काढायला सांग." मुकादम म्हणाला, त्यासाठी कचेरीची परवानगी लागेल, अर्ज करावा लागेल. आई म्हणाली, "मग मी उभी आहे इथं," आणि दोर मुठीत धरून ती उभी राहिली.